तापीच्या मुखाशी : खान्देशला सर्वांत जवळचा समुद्र

भुसावळात कुणी समुद्र पाहायला निघाले की ऐकणारा मुंबई, अलिबाग नाहीतर गणपतीपुळे धरून चालतो. सुरत म्हटले की आठवतात साड्यांचे मार्केट, यंत्रमागावर कामाला लागलेला मामेभाऊ आणि उधना स्टेशनावरची गर्दी. ‘काय भो, सुरतेत कुठला समुद्र?’ असे विचारणारी माणसे आपल्याकडे घरोघरी सापडतील. रेल्वेने मोजले तर भुसावळहून मुंबई सुमारे ४४० किलोमीटर पडते आणि सुरत सुमारे ३३०. म्हणजे आपल्याला सर्वांत जवळचा समुद्र सुरतेचाच. शिवाय तिथे पोचणारे पाणीही आपल्याच दारावरून गेलेले असते.

खंडव्याकडे जाणारी गाडी भुसावळ सोडल्यावर थोड्याच वेळात तापीचा पूल ओलांडते. त्या पुलाखालून वाहणारी नदी सातपुड्यात मुलताईला उगम पावलेली असते. बऱ्हाणपूरवरून ती खान्देशात उतरते, चांगदेवला पूर्णेला भेटते, हतनूरच्या धरणात थांबते आणि भुसावळच्या उत्तरेने पश्चिमेकडे निघते. पुढे प्रकाशे, मग उकाई, मग सुरत आणि डुमसजवळ समुद्र. एकूण लांबी ७२४ किलोमीटर. महाराष्ट्रातल्या गोदावरी, भीमा, कृष्णा या मोठ्या नद्या सह्याद्रीत जन्मून पूर्वेला जातात, तापी पश्चिमेला जाते. त्यामुळे खान्देशचा उतार, पाणी, गाळ आणि शतकानुशतके व्यापारही सुरतेच्या दिशेने गेला. सुरतेची सहल करायची तर हे डोक्यात ठेवून करावी. नाहीतर डुमसचा किनारा पाहून माणूस ‘एवढंच?’ म्हणत परत येतो.

आधी वाटेबद्दल. १६१० मध्ये विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी आणि १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हे सुरतेहून बऱ्हाणपूरला गेले. त्यांची वाट व्यारा, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर अशी होती. आपली ओळखीची गावे एकामागून एक तशीच लागतात. दक्षिणेतले मोगलांचे मोठे ठाणे बऱ्हाणपूर आणि त्यांचे मोठे बंदर सुरत, या दोहोंना जोडणारा रस्ता खान्देशच होता. बऱ्हाणपूरचे कापड, नीळ आणि कापूस याच वाटेने बैलांच्या तांड्यांवरून समुद्राकडे जाई.

ही दिशा बदलली ती रेल्वेने. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईहून घाट चढून खान्देशात आली आणि कापसाला मुंबईचे बंदर मिळाले. भुसावळ जंक्शन झाले, एक लाईन नागपूरकडे आणि दुसरी खंडवा-जबलपूरकडे गेली. आज आपण ज्याला भुसावळ म्हणतो ते शहर या बदलातूनच उभे राहिले. खान्देशाने सुरतेकडे पाठ केली आणि तोंड मुंबईकडे वळवले, असे म्हणायला हरकत नाही. पुढे १९०० मध्ये ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि जुनी वाट रुळांवर परत आली. आज नवजीवन, ताप्ती-गंगा आणि सुरत-भुसावळ पॅसेंजर धावतात त्या याच मार्गावरून.

हा प्रवास दिवसा करावा. जळगाव सोडले की गिरणेचा पूल येतो, मग पाळधी, धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. नाव ताप्ती व्हॅली असले तरी गाडीतून तापी फारशी दिसत नाही. रूळ नदीच्या दक्षिणेने थोडे अंतर राखून जातात आणि ओलांडतात त्या तिला मिळायला निघालेल्या गिरणा, बोरी, पांझरा. नंदुरबारनंतर सपाटी संपते, साग दिसू लागतो आणि नवापूर येते. हे स्टेशन दोन राज्यांत आहे. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातमध्ये. मधोमध एक बाक आहे, त्याच्या एका अर्ध्यावर महाराष्ट्र आणि दुसऱ्या अर्ध्यावर गुजरात लिहिलेले. तिकीट खिडकी आपल्या राज्यात, स्टेशन मास्तरांची खोली त्यांच्या राज्यात. गाडी थांबली की लोक उतरून त्या बाकावर फोटो काढून घेतात. पुढे सोनगड, व्यारा, बारडोली करत गाडी उधन्याला लागते.

सुरत स्टेशनपासून डुमस वीसेक किलोमीटर. शहर बस जाते, रिक्षाही मिळतात. डुमस हे तापीच्या मुखाच्या दक्षिणेचे गाव. सुरतेतले धनिक पूर्वी हवापालटासाठी इथे बंगले बांधत. आजही सुट्टीच्या संध्याकाळी निम्मे शहर इथे लोटते. दरिया गणेशाचे देऊळ, उंट, भाजलेली कणसे आणि डुमसची भजी. त्यातली टोमॅटोची भजी खास: टोमॅटोच्या जाड चकतीवर हिरव्या चटणीचा थर, त्यावर बेसन आणि मग तेल. गरम असताना चावली तर तोंड भाजते, म्हणून जरा धीर धरावा.

किनाऱ्यावर पाय ठेवला की प्रथम नजरेत भरते ती वाळू. ती काळी आहे. कोकणातली सोनेरी पुळण पाहिलेल्या माणसाला ती मळकी वाटते आणि तो लगेच सुरतेच्या कारखान्यांना दोष देतो. कारखान्यांचे दोष असतील तेवढे असतील, पण वाळूचा काळा रंग त्यांचा नव्हे. एक साधा चुंबक न्यावा, शाळेच्या प्रयोगपेटीतला चालेल. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो कोरड्या वाळूवरून फिरवला की काळ्या कणांचे झुपके त्याला चिकटून उभे राहतात. हे कण लोहयुक्त खनिजांचे आहेत, मुख्यतः मॅग्नेटाइटचे. त्यांच्या जोडीला टायटॅनियम असलेले इल्मेनाइटही असते.

हे लोखंड आले कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थिजून बेसॉल्ट झाला. आपण त्याला काळा पाषाण म्हणतो. अजिंठ्याची लेणी त्यातच कोरली आहेत आणि सातमाळ्याचे डोंगरही त्याचेच. तापीच्या पाणलोटाचा बहुतेक भाग याच खडकाचा आहे. ऊन, पाऊस आणि वेळ यांनी खडक कुजतो. त्याची बारीक माती शेतात राहते, तीच आपली कापसाची काळी जमीन. उरलेले पावसाळी लोंढ्याबरोबर नदीत जाते. मुखाशी पोचल्यावर लाटा आणि भरतीचे प्रवाह हलका गाळ उचलून दूर नेतात आणि जड लोहकण मागे ठेवतात. पांढरी वाळू बनते ती बहुधा क्वार्ट्झ किंवा शिंपल्यांपासून, आणि बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच. म्हणून डुमस काळे. आपल्याच मुलखाचा दगड दळला जाऊन तिथे पसरला आहे. डुमसच्या नावावर भुताखेतांच्या गोष्टी मोबाईलवर पुष्कळ फिरतात आणि त्यात वाळूचा रंगही ओढला जातो. खरी गोष्ट त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, मुलांना ती सांगावी.

पाणी गढूळ असण्याचे कारणही जवळपास हेच. तापी आणि नर्मदा दोन्ही इथून जवळ समुद्राला मिळतात, त्यांनी आणलेला गाळ उथळ तळावर साचलेला असतो आणि भरती-ओहोटी तो सतत घुसळत राहते. निळ्या पाण्याची अपेक्षा ठेवून इथे येऊ नये. ते पाहायचे तर मालवणला जावे.

डुमसला जे पाहायचे ते भरतीचे बळ. खंभातचे आखात नरसाळ्यासारखे आहे, तोंडाशी रुंद आणि आत जाता जाता अरुंद. भरतीचे पाणी आत शिरते तसे त्याला दोन्ही बाजूंनी जागा कमी पडते आणि ते उंच चढते. आखाताच्या आतल्या भागात, भावनगरच्या बाजूला, भरती-ओहोटीच्या पातळीत दहा मीटरांपर्यंत फरक पडतो. सुरतेच्या किनाऱ्यावरही पौर्णिमा-अमावास्येला तो पाच-सहा मीटर असतो, म्हणजे दुमजली घराएवढा. किनारा अगदी सपाट असल्यामुळे ओहोटीला पाणी फार लांब जाते आणि समोर चिखलाचे मैदान उघडे पडते. लोक चालत चालत पुढे जातात. पाणी परत येते तेव्हा मागच्या खोलगट जागा आधी भरतात आणि मग चारी बाजूंनी वेढा पडतो. हौसेने वाळूवर आणलेल्या मोटारी रुतून बसल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. गाडी रस्त्यावरच ठेवावी आणि पोहायला पाण्यात अजिबात उतरू नये.

कोकणातल्या कोळ्यांचा भरतीचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. सुरतेला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, कारण भरती मुंबईकडून आखातात वर सरकत येते आणि इथे तिला बराच उशीर होतो. मात्र तत्त्व तेच. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पाऊण तास पुढे जाते, पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास पाण्याची ये-जा सर्वांत कमी. ज्याला समुद्र मागे हटलेला आणि परत चढलेला पाहायचा आहे त्याने उधाणाचे दिवस निवडावेत आणि किनाऱ्याच्या कट्ट्यावर बसून पाहावे. लहान मुले बरोबर असतील तर अष्टमी बरी.

मुखाच्या उत्तर बाजूला, हजिराच्या कारखान्यांच्या पलीकडे, सुवाली आहे. डुमसपेक्षा शांत, सोयी कमी, पण इतिहासाच्या दृष्टीने फार मोठे ठिकाण. तापीचे मुख गाळाने उथळ असल्यामुळे मोठी जहाजे सुरतेपर्यंत येऊ शकत नसत. ती सुवालीच्या खोल पाण्यात नांगर टाकत आणि माल होड्यांतून, गाड्यांतून शहरात जाई. १६१२ च्या नोव्हेंबरात याच पाण्यात टॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांनी पोर्तुगीज आरमाराला हरवले आणि त्यानंतर इंग्रजांना सुरतेत वखार घालायची परवानगी मिळाली. हिंदुस्थानात इंग्रजांचे पाय रोवले गेले ते इथून. एवढ्या घटनेची खूण म्हणावे असे किनाऱ्यावर फारसे काही नाही, ही मला मोठी उणीव वाटते. एखादा ठळक फलक आणि नकाशा तरी तिथे असायला हवा.

शहरात परत आल्यावर चौक बाजारातला किल्ला पाहावा. तापीच्या अगदी काठावर, चार कोपऱ्यांना गोल बुरूज असलेला हा किल्ला पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहर वाचवण्यासाठी गुजरातच्या सुलतानाच्या काळात, १५४० च्या दशकात, खुदावंद खानाने बांधला. महापालिकेने तो दुरुस्त करून आत संग्रहालय केले आहे आणि काम मनापासून झाले आहे. मराठी माणूस तिथे शिरतो तो जानेवारी १६६४ आठवत. शिवाजी महाराज शहरावर चालून आले तेव्हा सुरतेचा सुभेदार इनायत खान याच भिंतींच्या आड जाऊन बसला. किल्ल्यातून तोफा डागल्या गेल्या, त्या गोळ्यांनी शहरातल्या घरांचेच नुकसान झाले. इंग्रजांनी आपली वखार जॉर्ज ऑक्सिंडेनच्या नेतृत्वाखाली लढवून वाचवली. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले आणि परतताना वणी-दिंडोरीला मोगलांशी लढाई झाली. तटावर उभे राहून नदीकडे पाहिले की शहराची बांधणी समजते: समोर पाणी, मागे बाजार आणि मध्ये जकात.

त्या ऑक्सिंडेनची कबर सुरतेतच आहे, कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी कबरस्तानात. १६६९ मध्ये तो मेला, त्याच्या आधी भाऊ ख्रिस्तोफर गेला होता. दोघांसाठी मिळून घुमट, खांब आणि कमानी असलेली दुमजली वास्तू उभी केली आहे. जवळच डच कबरस्तान. तिथे व्हॅन ऱ्हीडची भव्य कबर आहे. केरळातल्या वनस्पतींवर ‘होर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेणारा हा डच अधिकारी १६९१ मध्ये वारला. युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांनी आपल्या मृतांसाठी मुसलमानी थडग्यांच्या धाटणीची घुमटाकार स्मारके का बांधली? कारण इथल्या लोकांच्या डोळ्यांना वैभव त्या भाषेत कळत होते. इंग्रज आणि डच एकमेकांच्या वरताण करत राहिले आणि त्यातून या वास्तू झाल्या. सुरतेतले हे सर्वांत वेगळे आणि सर्वांत दुर्लक्षित ठिकाण. मुगलीसराही जाता-जाता पाहावी. १६४४ मध्ये हजयात्रेकरूंसाठी बांधलेली ही सराई आज महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे. गोपी तळे, पालचे मत्स्यालय आणि सरथाण्याचे प्राणी-उद्यान मुलांसाठी ठीक.

सुरतेला समुद्राइतकीच भीती नदीची आहे. १९७२ मध्ये उकाईचे धरण झाले तरी पूर थांबले नाहीत. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या पाणलोटात सलग पाऊस झाला, उकाईत पाण्याचा लोंढा आला आणि सोडलेल्या पाण्याने सुरतेचा फार मोठा भाग दिवसेंदिवस बुडाला. उधाणाच्या वेळी खालून समुद्र पाणी अडवून धरतो, मग नदीला जायला वाट राहत नाही. म्हणून आजही पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे किती उघडले, किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, ही आपल्याकडची रोजची बातमी सुरतेच्या दृष्टीने जीवनमरणाची असते. भुसावळला तापी दुथडी भरली की तिकडे नियंत्रण कक्षात आकडे मांडायला सुरुवात होते.

धरणांची दुसरी बाजूही आहे. नदीने जो गाळ शेकडो वर्षे मुखापर्यंत नेला, तो आता हतनूर आणि उकाईच्या तळाशी बसतो. हतनूरमधल्या गाळाची ओरड आपण ऐकतोच. त्याच गाळाची वाट पाहत मुखाजवळचा किनारा उपाशी राहतो आणि लाटा आहे ती जमीन खात जातात.

आणि माणसे? गेल्या पन्नास वर्षांत गाळापेक्षा माणसेच जास्त वाहत गेली. कोरडवाहू शेती परवडेना तेव्हा अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, शहादा भागातली घरेच्या घरे यंत्रमाग आणि डाईंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांत कामाला सुरतेला गेली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत फिरताना अहिराणी कानावर पडते, दुकानांवर पाटील, महाजन, चौधरी ही आडनावे दिसतात, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मिळते. श्रावणात कानबाई बसते आणि तिची मिरवणूक वाजतगाजत तापीवर जाते. सुरतेच्या प्रेक्षणीय स्थळांच्या कुठल्याही यादीत लिंबायत नसते. खान्देशातल्या पाहुण्याने तिथे एक संध्याकाळ जरूर काढावी. शहराचे कापड विणणारे हात तिथे राहतात आणि त्यातले कित्येक आपलेच आहेत.

खाण्यासाठी जायचे तर हिवाळा साधावा. सुरतेचा पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडाच, पण तऱ्हा वेगळी. कोवळी कणसे निखाऱ्यावर भाजतात, मग कापडात गुंडाळून काठीने झोडपतात आणि हिरवेगार मऊ दाणे पाखडून घेतात. वर लिंबू-मिरीची शेव, लसणाची शेव, साखरेच्या गोळ्या आणि जोडीला ताक. आपल्या हुरड्याबरोबर तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी येते, तिथे शेव. दोन्ही खाल्लेल्या माणसाने कौल द्यायचा तर भाजणीत आपण सरस, दाण्याच्या कोवळेपणात ते. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याला गेलात तर घारी मिळेल: मावा, सुकामेवा आणि भरपूर तूप. सकाळी लोचो खावा, तोही गरम असतानाच.

एक दिवस जास्त असेल तर नवसारीमार्गे दांडीला जावे. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी मीठ उचलले तो किनारा. २०१९ मध्ये तिथे राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक उभे राहिले आणि ते चांगले जमले आहे.

भुसावळ आणि आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. सहल ठरवताना पहिल्या दिवशी मुलांना चांगदेवचा संगम आणि हतनूर दाखवा, दिवसाचा प्रवास परतीला ठेवून रात्रीच्या गाडीने सुरतेला न्या, दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला आणि कबरस्ताने, दुपारनंतर डुमस. पंचांगात अष्टमीच्या जवळची तारीख पाहा, भरतीच्या वेळा आधी विचारून घ्या, प्रत्येक चार-पाच मुलांत एक चुंबक द्या आणि किनाऱ्यावर पाण्यापासून दूर बसवून नकाशा उघडा. आपल्या गावाची नदी कुठे संपते, हे भूगोलाच्या पुस्तकातल्या एका ओळीने कळत नाही. ते एकदा त्यांना प्रत्यक्ष पाहू द्या.